तस्करीमुक्त मापाता

कौन्सिलच्या गाडीतून न्यिरोंगोसाहेब पहिल्यांदा आमच्या गावात उतरले आणि त्यांनी आम्हाला सांगितलं, की आपल्या जिल्ह्यात माणसं विकली जातात. आम्ही ऐकून घेतलं. गेलेली पोरं आमचीच होती, पण साहेब बोमाहून, जिल्ह्याच्या ठिकाणाहून, एवढी धूळ खात सांगायला आले म्हटल्यावर 'ठाऊक आहे' असं कोण म्हणणार? पाहुण्याचा मान राखायचा असतो.

मोठा मांडव घातला होता. भोंगे, ढोल, नाच, शाळेच्या पोरांचं गाणं. 'माणूस विकाऊ नाही' असा लांबलचक फलक दोन आंब्यांच्या मध्ये ताणला होता. टी-शर्ट वाटले ते सगळे एकाच मापाचे. आमच्या गावच्या पोरांच्या गुडघ्यापर्यंत यायचे. आजूबाजूच्या गावांतून इतकी माणसं लोटली की मी तळलेल्या मंदासीची, म्हणजे गोड पिठाच्या गोळ्यांची, पाटी दुपारपर्यंत रिकामी झाली. मी रस्त्याच्या कडेला मंदासी विकते. मला अशी जनजागृती रोज झाली तरी चालेल.

माझ्यासारखे दुसरेही धंदेवाले आले होते. त्यात जुन्या कपड्यांचं गाठोडं घेऊन आलेली एक बाई होती. गोरटेली, गोड बोलणारी, ब्लांटायर शहरातली आहे म्हणायची. तिने आपला पसारा बरोबर त्या फलकाखाली मांडला, कारण तिथे सावली होती. पोरी कपडे उलथेपालथे करत होत्या आणि ती त्यांना विचारत होती, शाळा कुठवर झाली, घरी कोण कोण आहे, असलं काहीबाही.

शेवटी साहेबांनी बक्षीस जाहीर केलं. ज्या गावातून वर्षभरात एकही माणूस तस्करांच्या हाती लागणार नाही, ते गाव तस्करीमुक्त ठरणार आणि त्याला कौन्सिल मका दळायची डिझेलची गिरणी देणार. मांडवात बायका उभ्या राहून ललकारल्या. डोक्यावर मका घेऊन पलीकडच्या बाजारापर्यंत चालत जायचं आणि पीठ घेऊन चालत यायचं, हा आमचा जन्म. मुक्त झालं की नाही ते कोण ठरवणार, असं कोणीतरी विचारलं. साहेब म्हणाले, गावाची समिती. म्हणजे परीक्षा आम्हीच द्यायची आणि पेपरही आम्हीच तपासायचा.

आमची गावप्रमुख बाई आहे. गादीवर बसलं की गावाचंच नाव लागतं, म्हणून गावही मापाता आणि तीही मापाता. समितीची अध्यक्षही तीच झाली. आणि तिची मावसबहीण, माझी शेजारीण अबिती जाफाली, हिची लुकिया ही एकुलती एक लेक त्याच मांडवातून त्या कपडेवालीचा फोन नंबर घेऊन घरी आली.

लुकिया एकोणीस वर्षांची. उंच, दांडगी, पाण्याच्या पंपावर कोणी नंबर मोडला तर बाप्यांनाही मागे ओढणारी. शिवणयंत्र घ्यायचं तिच्या डोक्यात होतं. कपडेवालीने तिला सांगितलं होतं, तंबाखूच्या मुलखात एका हॉटेलात वाढपी मुली हव्यात, राहणं-खाणं तिथेच. अबिती जाफालीने माझ्याकडे येऊन विचारलं, पाठवू का? मी म्हटलं, बाई कोण, कुठली? तर ती म्हणाली, "अगं, साहेबांच्या मांडवात होती ना. साहेबांशी हसून बोलत होती. कौन्सिलचीच असणार."

फलकाखाली बसलेल्या बाईवर संशय कोण घेईल? मीही घेतला नाही. लुकिया मिनीबसमध्ये बसली, मी तिला वाटेसाठी मंदासी बांधून दिल्या, आणि ती गेली.

बरेच महिने काही कळलं नाही. मग एके दिवशी दुपारी माझा फोन वाजला. अबिती जाफालीकडे फोन नाही. नंबर अनोळखी होता, आवाज लुकियाचा. ती भरभर बोलली. हॉटेल नाही हे, मावशी, रेस्ट हाऊस आहे, म्पालेच्या बाजारातलं निळं. फोन काढून घेतलाय, बाहेर सोडत नाहीत, रात्री गिऱ्हाईकं आणतात. आईला सांग. एवढं झालं आणि फोन बंद. मी उलट लावला तर एक ट्रकवाला बोलला, म्हणाला, त्या पोरीने हाता-पाया पडून मागितला म्हणून दिला, आता पुन्हा करू नका, मला भानगड नको.

अबिती जाफाली रडली नाही. तिने डोक्याचं फडकं सोडून पुन्हा घट्ट बांधलं आणि मला म्हणाली, चल. आम्ही मापाताकडे गेलो.

मापाता अंगणात वाळत घातलेले छोटे मासे कावळ्यांपासून राखत बसली होती. आम्ही सगळं सांगितलं. तिने ऐकलं, तोंडाने चुकचुकली, बहिणीचा हात हातात घेतला. दोघी एका ताटात जेवून मोठ्या झालेल्या. मग म्हणाली, "हे बघ, पोरगी नोकरीला गेली. आपल्या पायांनी गेली. नोकरी वाईट निघाली, एवढंच. त्याला तस्करी म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात, ताई?" अबिती जाफालीने विचारलं.

"काही म्हणू नकोस. निवाडा करणारे पुढच्या महिन्यात येतायत. एकदा गिरणी बसू दे, मग मी स्वतः बोमाला जाते तुझ्याबरोबर. अख्ख्या गावच्या बायकांचा विचार कर."

"मी एकीचा करतेय."

"तेच तर चुकतंय तुझं," मापाता म्हणाली आणि कावळ्याला खडा मारला.

दुसऱ्या दिवशी आम्ही बोमाला गेलो. न्यिरोंगोसाहेबांच्या खोलीत भिंतीभर पोस्टर होती, बेड्या घातलेल्या हातांची. साहेबांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, फार हळवे झाले. हे ऐकून मन विदीर्ण झालं म्हणाले. मग त्यांनी दार लोटून घेतलं आणि सल्ला दिला, की तस्करी म्हणून नोंद केली तर मापाता स्पर्धेतून बाद होईल, आणि मापाता तर अख्ख्या जिल्ह्याचं आदर्श गाव. पाहुणे राजधानीहून खास तिथेच यायचे आहेत. त्यापेक्षा कामगार खात्यात मजुरीची तक्रार द्या. काम तेच होईल, फक्त नाव वेगळं.

कामगार खात्यातली बाई म्हणाली, ही मजुरीची तक्रार नाही, ही उघड उघड तस्करी आहे, न्यिरोंगोसाहेबांकडे जा. पोलीस चौकीतला हवालदार भला माणूस होता. त्याने म्पाले कुठल्या जिल्ह्यात येतं तेही सांगितलं. पण चौकीच्या गाडीत डिझेल नव्हतं. डिझेल आणा, मी आत्ता निघतो, म्हणाला. खिडकीतून समोर कौन्सिलचं आवार दिसत होतं. तिथे जनजागृतीच्या गाडीची टाकी भरून चालली होती. गाडीवर भोंगे बांधलेले, आणि बाजूला लिहिलेलं, 'गप्प बसू नका.'

अबिती जाफालीने ते वाचलं. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे, पण सावकाश वाचते. वाचून झाल्यावर ती चौकीतून उठली, रस्ता ओलांडून परत साहेबांच्या खोलीत गेली आणि न विचारता खुर्चीवर बसली. मी दारात उभी होते. आवाज न चढवता ती म्हणाली,

"साहेब, तुम्हाला आदर्श गाव हवंय. मापाताला गिरणी हवीय. मला माझी पोर हवीय. निवाड्याच्या दिवशी मी पहिल्या रांगेत बसेन. पोर घरात असेल तर तोंड उघडणार नाही. नसेल तर पाहुण्यांच्या समोर उभी राहीन. ही तुमची गाडी म्पालेला न्या."

साहेब म्हणाले, ते आपल्या कक्षेबाहेर आहे. परवानगी लागते. ती म्हणाली, मग परवानगी काढा. साहेबांनी टेबलावरचा कागद इकडून तिकडे केला, तिकडून इकडे केला. मग त्यांच्या लक्षात आलं, की दुसऱ्या जिल्ह्यात जनजागृतीला गेलं तर बाहेरगावचा भत्ता मिळतो. मी त्यांच्या चेहऱ्यावर तो विचार येताना पाहिला. पहाटे ढगांतून ऊन यावं तसा आला.

म्पाले म्हणजे तंबाखूच्या व्यापाऱ्यांचा बाजार. ट्रक, गोदामं, दारूचे अड्डे, आणि मधोमध ते निळं रेस्ट हाऊस. मालकीण नाफिरी नावाची बाई. जाडजूड, हसरी, हातात चाव्यांचा जुडगा. आमची गाडी तिच्या दारासमोर उभी राहिली. पण ती घाबरली नाही. उलट तिने आतून खुर्च्या काढून दिल्या. साहेबांना थंड सोडा दिला. ढोल वाजायला लागले, भोंग्यांवर गाणं लागलं, बाजार गोळा झाला. नाफिरी पहिल्या रांगेत बसली आणि 'माणूस विकाऊ नाही' यावर सगळ्यांच्या आधी तिनेच टाळ्या वाजवल्या. साहेबांनी पहिला टी-शर्ट तिलाच दिला. तो तिच्या अंगात बसला नाही, म्हणून तिने खांद्यावर टाकला.

अबिती जाफाली आणि मी पाण्याचा तांब्या शोधत असल्यासारख्या मागे गेलो. मागच्या अंगणाला बांबूचं कुंपण आणि एक फाटक. फाटकावर एक धटिंगण बसलेला. त्याच्यापुढे काय करायचं ते आम्हाला सुचेना. तेवढ्यात पुढून भोंगा ओरडला, की टी-शर्ट संपत आले आहेत, ज्यांना मिळाले नाहीत त्यांनी पुढे यावं. धटिंगण उठला. एकदा आमच्याकडे बघितलं, दोन म्हाताऱ्या बायका, आणि पुढे धावला. कौन्सिलच्या जनजागृतीचा तेवढा उपयोग झाला, हे मी नाकारत नाही.

लुकिया आत चादरी धूत होती. पाठमोरी होती, तरी मी ओळखलं, आणि ओळखूनही क्षणभर खात्री वाटेना, कारण ती वाकून, अंग चोरून बसली होती. आईने हाक मारली नाही. जवळ जाऊन फक्त तिच्या मानेवर हात ठेवला. लुकिया इतकी दचकली की बादली लवंडली. मग तिने वर पाहिलं.

"चल," अबिती जाफाली म्हणाली.

लुकिया उठली, पण हलेना. दोरीपलीकडे दुसरी एक मुलगी चादर पिळत उभी होती. लहानखुरी, सोळा-सतराची. तमांडा तिचं नाव. लुकिया म्हणाली, "ही राहिली तर हिला मारतील. मी एकटी येत नाही."

"मग तिलाही म्हण चल. उभी काय राहिलीस?"

आणखी दोघी आत खोलीत होत्या. त्यांना बोलावलं. एक म्हणाली माझं मूल नाफिरीच्या ताब्यात आहे, दुसरीने दार लावून घेतलं. ढोलाचा आवाज थांबला तर सगळंच संपेल, म्हणून आम्ही थांबलो नाही. कुंपणाच्या कडेकडेने दोघींना गाडीपर्यंत आणलं आणि मागे भोंग्यांच्या रिकाम्या खोक्यांमध्ये बसवलं. वर फलकाची गुंडाळी टाकली.

साहेबांनी भाषण उरकलं, येऊन बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. एक ठरली होती ना, म्हणाले. ही दुसरी तर आपल्या जिल्ह्यातलीसुद्धा नाही, ही आपल्या मोहिमेत बसत नाही.

"गाडीत बसतेय ना?" अबिती जाफाली म्हणाली. "मग निघा."

आम्ही निघालो तेव्हा नाफिरी हात हलवत होती. मागच्या अंगणात तशाच टाकलेल्या चादरी तिला अजून दिसायच्या होत्या.

अबिती जाफाली शब्दाला जागली. निवाड्याच्या दिवशी ती पहिल्या रांगेत बसली. राजधानीहून पाहुणे आले, परदेशी संस्थेची एक बाई आली. मापाताने आदल्या दिवशी निरोप धाडला होता, की पोरींना घरातच ठेवा, कोणी काही विचारलं तर त्यांच्या तोंडातून काहीतरी निघून जायचं. मांडव आमच्या घरांना लागूनच होता. मी पोरींबरोबर आत होते. भिंतीतून सगळं ऐकू येत होतं. गेल्या वर्षभरात या गावातून कोणी बेपत्ता झालं? मापाताचा आवाज आला, नाही. कोणाची फसवणूक झाली? नाही. गावातल्या आयांना विचारतो, काही तक्रार? बराच वेळ शांतता. मग टाळ्या.

तमांडा चटईवर आडवी होऊन डोळे मिटून पडली होती. लुकिया मात्र भिंतीला पाठ लावून बसली होती आणि प्रत्येक 'नाही'ला तिची मान थोडी थोडी ताठ होत होती.

आई घरात आल्यावर ती म्हणाली, "तू गप्प बसलीस."

"त्याच्या बदल्यात तुला आणलं."

"मला ठाऊक आहे. पण आता बाहेर सगळे म्हणतायत की माझ्या बाबतीत काही झालंच नाही. मग मी होते कुठे इतके दिवस? मामाच्या लग्नाला?"

अबिती जाफाली खाली बसली. पायांतली चप्पलही काढायची विसरली. मग म्हणाली, "मी शब्द दिलाय. मला मोडता येत नाही. तू दिलेला नाहीस."

लुकियाने दुसऱ्याच दिवशी तक्रार द्यायचं ठरवलं. पण द्यायची कुठे? मापाताची समिती घेईना, कारण गाव मुक्त ठरलं होतं आणि गिरणी मंजूर झाली होती. साहेब म्हणाले, जाहीर झालेलं मागे कसं घेणार, कौन्सिलची अब्रू आहे. हवालदार म्हणाला, गावप्रमुखाचा शिक्का आणा, मी लगेच लिहून घेतो.

मग मला तिच्या बापाचं गाव आठवलं. आमच्याकडे मूल आईच्या गावचं असतं, बाप नुसता येऊन राहतो. लुकियाचा बाप केव्हाच वारला. तो डोंगरापलीकडच्या लिगोम्बेचा. लिगोम्बे स्पर्धेत शेवटून पहिलं आलं होतं. तिथल्या म्हाताऱ्या गावप्रमुखाने, चे लिगोम्बेने ('चे' म्हणजे आमच्याकडचं 'श्री'), बक्षीस जाहीर झालं त्याच दिवशी मांडवात उभं राहून आपल्या गावातून किती पोरं गेली ते नावानिशी सांगितलं होतं आणि साहेबांनी त्याला भर सभेत जागरूकतेचा अभाव म्हणून झापलं होतं. सगळी गावं त्याला हसली होती. आम्हीही हसलो होतो.

आम्ही चौघी तिकडे गेलो. म्हातारा जाळं विणत होता. त्याने लुकियाचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही चुकचुकला नाही. तमांडाचंही ऐकलं. मग म्हणाला,

"आमचं गाव तर बाद झालेलंच आहे, पोरींनो. आता आणखी काय बिघडायचंय? आणा इकडे, कितीही आणा." आणि शिक्का शोधायला आत गेला.

पुढचं सगळं सावकाश झालं. लिगोम्बेच्या शिक्क्यावर तक्रार घेतली गेली. हवालदाराने ती म्पालेच्या चौकीला पाठवली. तिकडून काही हालचाल होईना, तेव्हा चे लिगोम्बे स्वतः बस बदलत बदलत तिथे गेला आणि उत्तर मिळेपर्यंत ओट्यावर बसून राहिला. नाफिरीला धरलं. जामिनावर सोडलं. पुन्हा धरलं, कारण तोवर आतल्या दोघींपैकी मूल असलेली बाई मूल घेऊन पळून चौकीत आली होती. दुसरीचा आजतागायत पत्ता नाही. कपडेवालीचाही नाही, तिचा नंबर लागत नाही.

मधल्या काळात एकदा न्यिरोंगोसाहेब माझ्या मंदासीच्या पाटीशी गाडी थांबवून उतरले. मोहिमेचा दुसरा टप्पा सुरू होतोय म्हणाले, आणि त्यासाठी सुटून आलेल्या मुलीने मंचावर बोललं तर फार परिणाम होईल. लुकियाला विचाराल का? मी विचारलं. लुकिया म्हणाली, बोलते, पण पहिलं वाक्य 'मी मापाताची' असं असेल. मी साहेबांना निरोप दिला. त्यानंतर साहेबांनी माझ्याकडून मंदासी घेणंही बंद केलं. बोमाला चांगल्या मिळतात असं ऐकलंय.

खटला म्पालेजवळच्या कोर्टात उभा राहिला. मॅजिस्ट्रेटने लुकियाला नाव विचारलं, गाव विचारलं. ती म्हणाली, "मापाता. तक्रार लिगोम्बेची आहे, पण मी मापाताची आहे." कारकून लिहिता लिहिता थांबला आणि दोन्हींतलं कुठलं लिहू असं विचारलं. मॅजिस्ट्रेट म्हणाला, मुलगी सांगतेय ते लिही. नाफिरीला तुरुंग झाला. जितका व्हायला हवा होता तितका नाही, पण झाला. रेडिओवर बातमी लागली आणि तीत आमच्या गावाचं नाव आलं. कौन्सिलने लगेच खुलासा केला, की घटना गेल्या वर्षीची असली तरी ती सिद्ध या वर्षी झाली, त्यामुळे गेल्या वर्षी मापाता मुक्तच होतं आणि गिरणीही मापाताचीच. मापाताने तो खुलासा घरोघर वाचून दाखवला. बहिणीच्या घरी मात्र गेली नाही. दोघी अजून बोलत नाहीत.

निकालाच्या दिवशी कोर्टाबाहेर एक बाई तमांडाला शोधत आली. तिची आई. तिकडे उत्तरेकडचे लोक, त्यांची भाषा आम्हाला अर्धीच कळते. लेकीला पोटाशी धरून झाल्यावर ती अबिती जाफालीशेजारी पायरीवर टेकली आणि फडक्यातून उकडलेली रताळी काढली. तिने हातवारे करत सांगितलं ते, तमांडाच्या संगतीने ती भाषा शिकलेल्या लुकियाने आम्हाला उलगडून दिलं. तिच्या गावातही मोहीम आलेली, नाव वेगळं, गाणं वेगळं. तमांडा गेल्याचं सांगायला ती गेली तर तिला सांगितलं, पोर बहुतेक कुणाबरोबर तरी पळाली असेल, गावाला कशाला बट्टा लावतेस.

अबिती जाफालीने एक रताळं उचललं. ते मोडलं, मोठा तुकडा तमांडाच्या आईच्या हातात दिला, आणि बस येईपर्यंत दोघी खात बसल्या.